पाण्याचा तांब्या

एमडी मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला होते. पहाटे साडेचारला एका बाईला नवऱ्याने आणि दिराने चादरीत घालून इमर्जन्सीत आणलं. वय ३१. रात्री जेवून झोपली, पहाटे उठायला गेली तर पाय उचलेनात, मग हातही. शुद्ध पूर्ण, बोलणं स्वच्छ, नुसते हातपाय गळालेले. “मॅडम, हे तिसऱ्यांदा,” म्हणत नवऱ्याने जुन्या कागदांची पिशवी माझ्या हातात दिली.

पहिल्या खेपेला कुणी ‘अशक्तपणा’ म्हणून ग्लुकोजची सलाईन लावली होती, त्यात ती आणखी ढिली पडली. दुसऱ्या खेपेला टेन्शन ठरलं. सासूबाईंच्या मते हे अमावस्येचं. मी तारखा ताडून पाहिल्या, एकही अमावस्या नव्हती. हसायचं कारण नाही, आम्हीही कधीकधी निदान असंच करतो.

रक्तातलं पोटॅशियम १.८ आलं. किमान ३.५ तरी हवं; इतकं घसरलं की स्नायू गळतात. “ताई, एका दमात आकडे मोजा.” बाविसापर्यंत गेली, म्हणजे श्वासाचे स्नायू अजून शाबूत होते. मॉनिटर लावून नॉर्मल सलाईनमधून हळूहळू पोटॅशियम सुरू केलं. ग्लुकोज मुद्दाम नाही: त्याने इन्शुलिन वाढतं आणि ते रक्तातलं उरलंसुरलं पोटॅशियमही पेशींत ढकलतं. संध्याकाळी ती उशीला टेकून बसली.

पण पोटॅशियम जात कुठे होतं? उलट्या नाहीत, जुलाब नाहीत, लघवीची गोळी नाही, थायरॉईड ठीक. एबीजीत, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत, आम्ल शमवणारं बायकार्बोनेट घसरून १३, रक्त चांगलंच आम्ल. अशा वेळी मूत्रपिंडाने आम्ल बाहेर टाकायचं, लघवीचा पीएच ५.५ च्या खाली यायचा. हिचा ६.८. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडांत कॅल्शियम साठलेलं. रीनल ट्यूब्युलर ॲसिडोसिस, म्हणजे मूत्रपिंडाच्या नलिका आम्ल बाहेर टाकत नाहीत आणि पोटॅशियम लघवीतून वाहून जातं, असं मी राउंडला ऐटीत सांगितलं. सर म्हणाले, “बरं. कशामुळे?” मी गप्प.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या खाटेवर शीर शोधत होते. सासूबाईंनी घरून पिठलं-भाकरी आणली होती. सून एक घास घ्यायची, एक घोट पाणी. पुन्हा घास, पुन्हा घोट. एकही घास कोरडा नाही.

“ठसका लागतो का?”

“नाही मॅडम, सुकं गिळतच नाही.”

“तांब्या घेतल्याशिवाय पानावर बसत नाही ही,” सासूबाई म्हणाल्या. “पंगतीतसुद्धा.”

“आणि डोळे?”

“वाळू गेल्यागत चुरचुरतात. पण कांद्याने पाणी येत नाही. घरातले सगळे कांदे मीच चिरते.” हे तिने जरा कौतुकानेच सांगितलं.

तोंडात टॉर्च मारला. जीभ भेगाळलेली, लाकडी पट्टी गालाला आतून चिकटली. नेत्रविभागातून शर्मर चाचणीच्या पट्ट्या मागवल्या. पापणीत टीपकागदाची पट्टी अडकवायची आणि पाच मिनिटांत किती भिजते ते मोजायचं. ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी म्हणजे डोळा कोरडा. उजवीकडे २, डावीकडे ३. पाच मिनिटं घड्याळाकडे बघत आम्ही दोघी गप्प बसलो होतो.

एएनए, अँटी-रो आणि अँटी-ला, म्हणजे स्वतःच्याच शरीराविरुद्धच्या अँटीबॉडीज, तिन्ही पॉझिटिव्ह आले. शोग्रेन सिंड्रोम. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९३३ मध्ये त्यावर प्रबंध लिहिला होता. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर चालून जाते, कधी मूत्रपिंडाच्या नलिकांवरही. हिच्या बाबतीत लकव्याने आरडाओरडा केला आणि कोरडेपणा मागे मुकाट उभा राहिला.

आम्ल शमवायला सायट्रेटचं सिरप, भरकटलेल्या प्रतिकारशक्तीला आवरायला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, डोळ्यांत घालायचे थेंब. “किती दिवस?” तिने विचारलं. कायमचं, म्हणाले. सिरपच्या चवीवरून तिने तोंड वाकडं केलं, त्याला माझ्याकडे उपाय नव्हता.

डिस्चार्ज कार्ड लिहिताना ती पिशवी पुन्हा उपसली. तळाशी घडी घातलेली एका दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी होती. चार दात किडले म्हणून काढलेले, आणि खाली बारीक अक्षरात: तोंड फार कोरडे, फिजिशियनला दाखवणे. तारीख दोन वर्षांपूर्वीची. पहिल्या रात्री ती पिशवी माझ्याच हातात होती.