वॉल्सिंगहॅमची अनवाणी वाट

इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरफोक परगण्यात लिटल वॉल्सिंगहॅम नावाचे एक खेडे आहे. गेल्या मे महिन्यात मी तेथे चालत गेले. फेकनम या बाजाराच्या गावी बसमधून उतरून बार्शमच्या रस्त्याने निघाले, तर अंतर जेमतेम नऊ-दहा किलोमीटरचे आहे. आजोबांनी आयुष्यभर केलेल्या आळंदी-पंढरपूरच्या वारीपुढे ही फेरी म्हणजे एका विसाव्यापासून दुसऱ्यापर्यंतची चाल. पण मला अंतर कापायचे नव्हते. ज्या गावाचे दैवत एके काळी जाळून टाकले, ते गाव पुढे कशावर जगले, हे मला पायी जाऊन पाहायचे होते.

परंपरा सांगते की 1061 मध्ये रिचेल्डिस नावाच्या जमीनदारीणबाईला मेरीमातेचे दर्शन झाले आणि येशूच्या नाझरेथ गावातल्या घरासारखे घर येथे बांधण्याची आज्ञा मिळाली. हे साल इतिहासकार सगळेच मान्य करतात असे नाही. मात्र बाराव्या शतकात त्या लाकडी घराशेजारी ऑगस्टिनियन मठ उभा राहिला, राजेलोक येऊ लागले आणि पुढे कँटरबरी या मोठ्या तीर्थक्षेत्राच्या बरोबरीने वॉल्सिंगहॅमचे नाव घेतले जाऊ लागले, हे निश्चित आहे. आकाशगंगेलाही इकडचे लोक ‘वॉल्सिंगहॅमची वाट’ म्हणत असत. सोळाव्या शतकाच्या आरंभी येथे येऊन गेलेल्या इरॅस्मस या डच विद्वानाने तर स्पष्टच लिहून ठेवले आहे की या गावाचा निर्वाह यात्रेकरूंच्या येण्याजाण्यावाचून दुसऱ्या कशावर फारसा चालत नाही. पंढरीच्या कोणाही फुलवाल्याला किंवा बुक्केवाल्याला हे वाक्य समजावून सांगावे लागणार नाही.

ईस्ट बार्शमला रस्त्याच्या कडेला लाल विटांचा आणि नक्षीदार धुराड्यांचा ट्यूडर वाडा दिसतो. पुत्रजन्माबद्दल आभार मानण्यासाठी इंग्लंडचा राजा आठवा हेन्री 1511 मध्ये येथून अनवाणी चालत गेला, अशी कथा आहे. वाडा त्यानंतरचा असला तरी कथा सांगणारे बोट त्याच्याकडेच दाखवतात. ते मूल दोन महिनेही जगले नाही, आणि पुढे त्याच हेन्रीच्या राज्यात वॉल्सिंगहॅमची ही सारी व्यवस्था बुडाली.

हॉटन सेंट जाइल्सजवळ स्टिफकी नदी अगदी ओढ्याएवढी आहे. तिच्या पलीकडे चौदाव्या शतकातले स्लिपर चॅपेल ही छोटी देवळी आहे. गाव येथून एक मैलावर राहते, आणि यात्रेकरू येथे पादत्राणे उतरवून पुढचा मैल अनवाणी जात, अशी समजूत आहे. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर, म्हणजे इंग्लंड पोपपासून फुटल्यावर, या देवळीत गरिबांचा निवारा, लोहाराची भट्टी आणि गुरांचा गोठा असे संसार एकामागून एक झाले. अखेर 1896 मध्ये शार्लट बॉइड या बाईंनी ती विकत घेऊन दुरुस्त करवली. 1934 पासून ते कॅथलिकांचे राष्ट्रीय तीर्थस्थान आहे. आत उभ्याने दाटीवाटी केली तरी वीस-पंचवीस माणसांपलीकडे मावतील असे मला वाटले नाही.

मीही बूट काढले. रस्ता डांबरी असला तरी कडेला या भागातली गार सगळीकडे विखुरलेली असते. ही चकमकीची गार बाहेरून खडूसारखी पांढरी दिसते. फुटली की आतून काळी, काचेसारखी आणि धारदार निघते. येथील घरांच्या आणि चर्चच्या भिंतीही हीच गार फोडून, काळी बाजू दर्शनी ठेवून रचलेल्या आहेत, आणि त्यांचे कौतुक करण्याच्या नादात मी तिच्याच एका कपचीवर पाय दिला. टाचेला चीर पडली आणि माझा अनवाणी मैल एक तृतीयांश वाटेतच संपला. बूट चढवून लंगडत पुढे निघताना, घोंगड्याने डोके झाकून रस्त्याने चालणारी आजोबांची मंडळी मला पाहत नाहीत, याचे जरा बरेच वाटले.

गावात शिरताच लक्षात येते की येथे खेड्याला न शोभतील इतकी मोठी जुनी घरे आहेत. हाय स्ट्रीटवर लाकडी चौकटींची, वरचा मजला रस्त्यावर झुकलेली घरे ओळीने उभी आहेत, आणि त्यांतील कित्येक मुळात उतारूंसाठी बांधलेल्या धर्मशाळा-खाणावळीच होत्या. 1537 मध्ये मठ वाचवण्यासाठी येथे उठावाचा बेत झाला. तो फुटला आणि मठाच्या उपप्रमुखाला, निकोलस माइलमला, या गावातच मृत्युदंड दिला गेला. पुढच्याच वर्षी येथली मेरीमातेची मूर्ती लंडनला नेऊन चेल्सीत जाळली, मठ बरखास्त झाला आणि त्याची जागा 90 पौंडांना विकली गेली. त्यानंतर हे गाव शेतीवर, आठवडी बाजारावर, आणि पुढे न्यायालयावर आणि तुरुंगावर जगले. ते मोठे कधी झाले नाही, म्हणूनच जुनी घरे पाडून नवी बांधण्याइतका पैसा कोणाकडे आला नाही. ज्या देखणेपणाची आज छायाचित्रे घेतली जातात, तो माझ्या मते या दीर्घ ओढगस्तीचा परिणाम आहे.

मठापैकी हिरवळीवर पूर्वेकडच्या भव्य खिडकीची कमान तेवढी शिल्लक आहे. भोवती भिंत नाही, छत नाही, आणि त्या कमानीतून आता झाडे दिसतात.

यात्रा पुन्हा सुरू केली ती अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे, धर्मगुरू आल्फ्रेड होप पॅटन यांनी. 1921 मध्ये ते येथे नेमले गेले, दुसऱ्याच वर्षी त्यांनी मठाच्या जुन्या मुद्रेवरून मेरीमातेची नवी मूर्ती घडवून गावच्या चर्चमध्ये बसवली आणि 1931 मध्ये नाझरेथच्या घरासारखे ते पवित्र घर पुन्हा बांधले. आता अँग्लिकन आणि कॅथलिक अशा दोन्ही पंथांची स्वतंत्र देवस्थाने आहेत. 1964 मध्ये प्रवासी गाड्या बंद झालेल्या रेल्वे स्थानकाच्या इमारतीत ऑर्थोडॉक्स या तिसऱ्या ख्रिस्ती पंथाची देवळी असून तिच्या छपरावर छोटा कांद्यासारखा घुमट आहे. हजाराच्या आतल्या वस्तीत देवाच्या इतक्या वाटण्या पाहून मला थोडे हसू आले. उन्हाळ्यात मात्र श्रीलंकेतील तमिळ आणि केरळी भाविक येथे हजारोंनी लोटतात. तमिळांत हिंदू कुटुंबेही असतात, आणि त्या दिवशी हाय स्ट्रीटवर साड्यांची रांग लागते. मी गेले तेव्हा तेथे शांतता होती.

अँग्लिकन देवस्थानाचा पाया खोदताना एक जुनी विहीर सापडली होती. तिचे पाणी यात्रेकरूंना देतात. आम्ही सात-आठ जण दगडी पायऱ्या उतरून रांगेने गेलो. धर्मगुरूंनी पळीने पाणी तोंडात घातले, कपाळावर ओल्या बोटाने क्रूस काढला आणि उरलेले पाणी ओंजळीत ओतले. माझ्या पुढच्या वृद्ध बाईंनी ते हातांवर चोळले. माझी ओंजळ मात्र लहानपणच्या सवयीने डोक्यावरून फिरली. धर्मगुरूंनी मान किंचित झुकवली आणि पळी पुन्हा विहिरीच्या पाण्यात बुडवली. बाहेर येऊन मी पायरीवर बसले, बूट काढला आणि ओलसर हाताने टाच पुसली. रक्त थांबले होते.