सीट घेऊन आलेला मालक

शेळीचोरीचा गुन्हा आला की मुद्देमाल कारकुनाच्या पोटात गोळा येतो. चाकू, मोबाईल, रोकड सील करून कपाटात टाकता येते. शेळीला चारा लागतो, आणि त्याचा खर्च कशात दाखवायचा हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. या खेपेला तर एका बोकडाने शेजारणीच्या गळ्यातलं मुद्देमालाचं लेबल सुतळीसकट खाल्लं. कानांच्या कापांवरून मालकिणीने ओळख पटवली, कोर्टाचा हुकूम झाला, जनावरं सुटली.

उरली गाडी. साधी घरगुती मोटार. मागची सीट काढलेली, खाली ताडपत्री, कोपऱ्यात लेंड्या. पंचनाम्यात मात्र ‘एक जुनी वापरती पांढरी चारचाकी’ आणि नंबर. सीट नसल्याचा शब्द नाही! मागच्या गुन्ह्याचा पंचनामा समोर ठेवून नवा उतरवला की असंच होणार.

गाडी आरोपीच्या थोरल्या भावाच्या नावावर. धाकट्याने न विचारता नेली, असं म्हणून त्याने ताबा मागितला. वाहनं ठाण्यात सडवू नका, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि द्या, असं सुप्रीम कोर्टाने सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ सालीच बजावलंय. योग्यच आहे; आमच्या आवारात बोनेटमधून झुडपं आलेल्या गाड्या आहेत.

हुकूम घेऊन मालक आला तो रिक्षातून, मागची सीट घेऊन. खिशातून बोल्ट काढले, पाना लावला, बघता बघता सीट बसवली. एकही भोक चाचपावं लागलं नाही.

“सीट कुठं होती?”

“घरी, माळ्यावर.”

“काढली कुणी?”

“साहेब, सही कुठं करू?”

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९८ खाली गुन्ह्यात वापरलेली गाडी खटल्याअखेर सरकारजमा होऊ शकते. पण मालक आरोपी नसेल तर त्याला माहीत होतं का, हा प्रश्न येतोच. भाजी वाहायला सीट काढली असेल, मान्य. मग तसं सांगायला काय झालं होतं?

मी सीट बसवतानाचे फोटो काढले, स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि तपासी अंमलदारांना म्हटलं, याचा पुरवणी जबाब घ्या. ते म्हणाले, “गाडी गेली ना? जागा झाली.”

दोषारोपपत्र अजून गेलेलं नाही. फोटो कागदांना जोडा म्हणून त्यांच्या मागे लागलोय. बंधपत्रामुळे गाडी त्याला परस्पर विकता येणार नाही, तेवढा वेळ हातात आहे.