हॉट-कोल्ड एसी, बंद खोली आणि पेटलेली शेगडी

पाचगणी-महाबळेश्वर साइडला आता हॉट-कोल्ड स्प्लिट बरेच लागलेत. उन्हाळ्यात गार, थंडीत गरम, मशीन एकच, आतला फोर-वे व्हॉल्व्ह गॅसची दिशा उलटी करतो. पण त्यामुळं गॅस भरायचं काम साध्या एसीसारखं राहत नाही, आणि हे आमच्या लाइनमधल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात बसत नाही, म्हणून मागच्या थंडीतली केस सविस्तर लिहितोय.

पाचगणीत एका बंगल्यात आजी-आजोबा दोघंच राहतात, मुलगा पुण्याला. फोन मुलाचाच आला. "गॅस कमी झालाय, टॉप-अप करून द्या फक्त, गेल्या आठवड्यात एक जण भरून गेला तरी गरम हवा येईना." साताऱ्यातनं हेल्परला घेऊन निघालो, नायट्रोजन, रिकव्हरी मशीन, व्हॅक्युम पंप सगळं गाडीत टाकलं, कारण पसरणीचा घाट चढून गेल्यावर एखादी वस्तू राहिली तर दिवस गेलाच म्हणून समजा.

बेडरूममध्ये पाय टाकला तर खिडक्या गच्च बंद आणि इनडोअरच्या बरोब्बर खाली कोळशाची शेगडी, निखारे लाल. एसी गरम करेना म्हणून आजींनी ठेवलेली, त्यांचं काही चुकलं नाही, थंडीच तशी होती. पण इनडोअरच्या मागं पाइपाच्या जोडावर तेलाचा ओला डाग दिसत होता, म्हणजे लीक तिथंच, आणि मशीनच्या प्लेटवर आर-३२ लिहिलेलं, म्हणजे आत भरलेल्या गॅसचं नाव. आर-३२ हवेपेक्षा जड, खाली उतरतो, आणि थोडासा जळणारा पण आहे. तेवढ्या गॅसनं अख्खी खोली पेटत नाही, पण तो लाल निखाऱ्यावरनं गेला की त्यातनं हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, डोळ्याला नि छातीला वाईट. वर बंद खोलीत कोळशाचा कार्बन मोनॉक्साईड, त्याला तर वासही नसतो. आधी खिडक्या उघडल्या, शेगडी अंगणात नेली, एमसीबी पाडला. म्हणलं, "आजी, काम होईपर्यंत देवापुढचा दिवासुद्धा लावू नका." त्या लगेच म्हणाल्या, "नाही लावत बाळा, तू तुझं काम कर."

मग आजोबांना विचारलं की आधीच्या मिस्त्रीनं नक्की काय काय केलं. आजोबा बारकाईनं बघणारे. म्हणाले, "मशीन चालू ठेवून आतला नट खोलत होते, सूं सूं आवाज येत होता. मग घट्ट केला आणि हीटवरच बाहेर पाइप लावून गॅस सोडला." माझ्या अंगावर काटा आला. तो सूं सूं आवाज म्हणजे हवा आत ओढली जात होती. पंप-डाऊन करताना, म्हणजे मशीन चालवून सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून कोंडताना, कॉम्प्रेसर चालू आणि जोड उघडा राहिला तर गॅससोबत हवा दाबली जाते, हवा, कॉम्प्रेसरचं तेल आणि तापमान तिन्ही एकत्र आलं की आउटडोअर अक्षरशः फुटतं, अशानं माणसं जखमी झालेली आहेत.

गेज लावला. मशीन रात्रीपासून बंद, बाहेर १५ डिग्री. आर-३२ ला त्या तापमानाला साधारण १७० पीएसआय (दाबाचं माप) दाखवायला पाहिजे, काटा २१० वर. गॅस कितीही जास्त भरला तरी बंद मशीनमध्ये प्रेशर तापमानाप्रमाणंच राहतं, त्याच्या वर जातंय म्हणजे आत हवा आहे. हवा गॅससारखी कंडेन्स होत नाही, म्हणजे तिचं लिक्विड होत नाही, कॉइलमध्ये जागा अडवून बसते, प्रेशर चढतं, मशीन ट्रिप होतं. आणि लोक म्हणतात गॅस कमी.

दुसरी गोष्ट हीट मोडची. कूलिंगला जाड पाइपावर लो प्रेशर असतं, आपण सर्व्हिस पोर्टला नळी लावतो ती तिथंच. हीटवर टाकला की तोच पाइप डिस्चार्ज होतो, म्हणजे कॉम्प्रेसरमधनं दाबून निघालेला गॅस त्यातनं जातो, साडेतीनशे-चारशे पीएसआय. मग गॅस सिलेंडरातनं मशीनमध्ये जायच्या ऐवजी मशीनमधनं सिलेंडरात येतो, नळी कच्ची असली तर हातातच फुटायची. चालू मशीनला गॅस द्यायचाच तर कूलिंगवर, आणि थंडीत रिमोटनं कूलिंग नीट चालू राहत नसेल तर इनडोअरवरचं बटन दाबून धरून फोर्स कूलिंगला टाकायचं.

मुलाला फोन लावला, स्पष्ट सांगितलं की टॉप-अप होणार नाही, आहे तो गॅस पूर्ण काढावा लागेल, जोड नवीन करावा लागेल, वेळ नि पैसे दोन्ही जास्त जातील. तो जरा थांबला, मग म्हणाला, "आईबाबा तिथं एकटे आहेत, तुम्हाला योग्य वाटतं ते करा." कॉम्प्रेसरला हात न लावता रिकव्हरी मशीननं बाहेर अंगणात सगळं वेगळ्या सिलेंडरात काढलं. हवेत सोडून देता आलं असतं, करतात लोक, पण आर-३२ चा एक किलो म्हणजे तापमानवाढीच्या हिशोबात ६७५ किलो कार्बन डायऑक्साईड, आणि ते अंगण त्या दोघांचं आहे.

नट खोलला तर फ्लेअरला, म्हणजे पाइपाच्या पसरवलेल्या तोंडाला, केसासारखी चीर, पान्यावर जोर देऊन आवळल्यानं आलेली. पाइप कापला, कापलेल्या कडेचा बर (धारदार कचरा) काढला, नवीन फ्लेअर मारला, टॉर्क पान्यानं आवळला, पाव इंचाला साधारण १६ न्यूटन मीटर आणि अर्ध्या इंचाला ५५. मग रेग्युलेटर लावून कोरडा नायट्रोजन हळूहळू ४०० पीएसआयपर्यंत, प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी. लीक टेस्टला काही जण ऑक्सिजन वापरतात, वेल्डिंगवाल्याकडं सहज मिळतो म्हणून. तेलाशी ऑक्सिजन म्हणजे स्फोट, त्याच्यावर चर्चासुद्धा नको.

व्हॅक्युमला लावलं तर हेल्पर ओरडला, "दादा, काटा २५ च्या पुढं जाईना, अजून लीक हाय!" लीक नव्हतं. पाचगणी समुद्रसपाटीपासून जवळपास १३०० मीटरवर, तिथं हवेचाच दाब कमी, त्यामुळं पूर्ण व्हॅक्युम झालं तरी काटा २५-२६ इंचावरच थांबणार, ३० कधीच दिसणार नाही. म्हणून काट्यावर न जाता मायक्रॉन गेज लावायचा, तो व्हॅक्युम बारीक मोजतो. ५०० च्या खाली आलं, व्हॉल्व्ह मिटून मग पंप बंद केला, आकडा तिथंच टिकून राहिला, तेव्हा पोराला पटलं आणि त्यानं स्वतःहून वहीत लिहून ठेवलं. चांगलं वाटलं मला.

गॅस वजनावर. प्लेटवर ८५० ग्रॅम, मशीनच्या बुकात ५ मीटरपुढं दर मीटरला २० ग्रॅम, आमचा पाइप ८ मीटर, म्हणजे ९१० ग्रॅम. सिलेंडर वजनकाट्यावर ठेवलं, नळीतली हवा काढली आणि मशीन बंद ठेवूनच सोडला. संध्याकाळ झालेली, गारठ्यानं सिलेंडरचं प्रेशर पडलं, शेवटचा गॅस जाईना. अशा वेळी सिलेंडरला गॅस टॉर्चची ज्योत दाखवणारे लोक मी बघितलेत, तसं कुणीच करू नका. आजींकडनं बादलीत कोमट पाणी मागून घेतलं, ४० डिग्रीच्या आतलं, सिलेंडर काट्यावरनं उतरवून त्यात थोडा वेळ ठेवलं, पुसून परत काट्यावर घेतलं, आणि उरलेला गॅस फोर्स कूलिंगवर थोडा थोडा दिला, म्हणजे लिक्विड एकदम कॉम्प्रेसरवर जात नाही.

मग नळी काढून, पोर्टला टोपण लावून, हीटवर टाकलं. खोली तापायला लागली तसं आजोबा खुर्ची ओढून इनडोअरखाली बसले. थोड्या वेळानं आतली हवा थांबली आणि आउटडोअरमधनं पांढरं काहीतरी निघालं, ते घाबरून उठले. म्हणलं, "बसा आजोबा, डीफ्रॉस्ट आहे, बाहेरच्या कॉइलवरचा बर्फ वितळवतंय, ती वाफ आहे, पाच-दहा मिनिटांत परत गरम होईल." झालंही तसंच.

निघताना आउटडोअरच्या झाकणाला आतनं मार्करनं लिहिलं, आर-३२, एकूण ९१० ग्रॅम, पाइप ८ मीटर, तारीख. त्याचा फोटो मुलाला पाठवला आणि सांगितलं की पुढं कुणीही आला तरी आधी हे दाखवा, आणि वजनकाटा नि व्हॅक्युम पंप गाडीत नसेल तर त्याला गॅस भरू देऊ नका.