एमजीबीचा क्लच पाइप आणि जळगावची बाजारपेठ

माझ्याकडच्या एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा क्लच उन्हाळ्यात त्रास देऊ लागला. पेडल दाबले की क्लच सुटत असे, परंतु पाय उचलल्यावर तो लगेच पकडत नसे. इंजिन गुरगुरत राही आणि गाडी मात्र रेंगाळे. क्लच प्लेट झिजली असावी, असा बहुतेकांचा अंदाज होता. भुसावळच्या आमच्या मिस्त्री नानांनी मात्र गिअरबॉक्स उतरवण्याआधी क्लचचे तेल वाहणारी खालची रबरी होज, म्हणजे लवचीक नळी, काढून कापली. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या त्या होजचे आतले भोक इतके आकसले होते की त्यात दाभणही शिरेना. पायाच्या जोराने तेल पुढे ढकलले जाई, पण परत येताना त्यामागे तेवढा जोर नसल्याने ते अडकून पडे.

हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये पेडलने तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर बॉडीवर असतो आणि त्या तेलाच्या जोराने क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या तोंडाशी. इंजिन रबरी माउंटिंगवर हलते, बॉडी हलत नाही. म्हणून दोहोंमधला पाइप धातूचा ठेवला तरी शेवटचा आखूड तुकडा लवचीक ठेवावाच लागतो. प्रश्न त्या तुकड्याचा होता.

पहिला सल्ला ॲम्बॅसिडरची होज बसवण्याचा मिळाला आणि तो अगदीच निराधार नव्हता. जुन्या पेट्रोल ॲम्बॅसिडरचे १४८९ सीसी इंजिन आणि एमजीबीचे १७९८ सीसी इंजिन ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या एकाच ‘बी सीरिज’ घराण्यातली भावंडे आहेत. परंतु इंजिनाचे नाते पाइपाच्या लांबीला आणि आट्यांना लागू होत नाही.

दुसरा सल्ला औद्योगिक वसाहतीतला होता आणि तो अधिक धोक्याचा होता. जळगाव हे पाइपांचे गाव. ठिबकच्या नळीपासून ट्रॅक्टरच्या होजपर्यंत इथे सगळे मिळते आणि मोजून दिलेल्या लांबीची होज दोन्ही टोकांना फिटिंग दाबून तासाभरात हातात पडते. दुकानदार म्हणाले, “साहेब, याच्यावर जेसीबी माती उचलते, तुमच्या क्लचचं काय घेऊन बसलात?” दाबाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे रास्त होते, अडचण तेलाची होती. जेसीबीच्या हायड्रॉलिकमध्ये खनिज तेल असते आणि ते सोसावे म्हणून अशा होजचा आतला थर सहसा नायट्राइल रबराचा करतात. क्लचमध्ये मात्र ग्लायकोल जातीचे ब्रेक ऑइल असते आणि त्याने नायट्राइल फुगते, म्हणजे ज्या रोगासाठी जुनी होज फेकली तोच रोग नवी होज काही काळात धरणार. ब्रेक ऑइलसाठी ईपीडीएम रबर किंवा आतून टेफ्लॉन आणि वरून स्टीलची जाळी असलेली होज लागते. दुकानात विचारायचे ते एवढेच की आतला थर कशाचा आहे. उत्तर मिळाले नाही तर होज घेऊ नये.

आट्यांची गोष्टही अशीच फसवी आहे. जुन्या इंग्रजी गाड्यांत यूएनएफ, म्हणजे इंचात मोजलेले बारीक आटे असतात, तर आपल्या बाजारात आज मेट्रिक फिटिंगांचा सुळसुळाट आहे. ३/८ इंची यूएनएफचा व्यास ९.५२५ मिलिमीटर आणि इंचाला २४ आटे. दहा मिलिमीटरच्या बारीक मेट्रिकला एका मिलिमीटरला एक, म्हणजे इंचाला २५.४. फरक इतका थोडा की इंची नट मेट्रिक भोकात सैलसर का होईना, पण फिरत जातो, बसल्यासारखा वाटतो आणि आवळताना आटे घेऊन बाहेर येतो. डोळ्यांवर विसंबू नये. व्यास मोजणारा व्हर्निअर आणि आटे मोजणारा थ्रेड गेज लावूनच खात्री करावी, आणि जुना नट शेवटपर्यंत खिशात ठेवावा. पाइपाच्या तोंडाची घडणही तपासावी, कारण फुलवलेल्या तोंडाचे म्हणजे फ्लेअरचे प्रकार असतात; दुमडलेला डबल फ्लेअर आणि बुडबुड्यासारखा फ्लेअर एकमेकांच्या बैठकीत नीट बसत नाहीत.

धातूच्या पाइपासाठी मी तांबे-निकेल मिश्रधातू निवडला. तो गंजत नाही आणि हाताने वळतो. एसीवाल्यांकडे मिळणारी साधी तांब्याची नळी दिसते छान, पण सततच्या थरथरीने ती कडक होऊन तडकते. ब्रेकसाठी वापरतात तो दुहेरी थराचा पोलादी बंडी पाइपही चालला असता.

होजसाठी मुंबईत ऑपेरा हाउसजवळ आणि दिल्लीत काश्मिरी गेटला फोन झाले. एका ठिकाणी मूळ खोक्यातली, न वापरलेली जुनी होज मोठ्या कौतुकाने दाखवण्यात आली. हेडलाइटची काच असती तर मी ती लगेच घेतली असती; परंतु रबर खोक्यातही म्हातारे होते आणि चाळीस वर्षांच्या न वापरलेल्या होजला मी नवी म्हणायला तयार नाही. १९६२ ते १९८० या काळात एमजीबी गाड्या लाखांनी निघाल्यामुळे इंग्लंडमध्ये त्यांचे भाग आजही नव्याने बनतात. शेवटी टेफ्लॉनची होज इंग्लंडहूनच मागवली. भागापेक्षा कुरिअर आणि सीमाशुल्क मिळून जास्त पडले, शिवाय केवायसीची कागदपत्रे वेगळी.

जोडणीनंतर हवा काढताना नानांनी पेडल मारत बसण्याऐवजी स्लेव्हच्या हवा काढायच्या निपलमधून मोठ्या सिरिंजने डॉट ४ जातीचे ब्रेक ऑइल हळूहळू वर चढवले. हवा आपसूक वरच जाते, त्यामुळे बुडबुडे मास्टरच्या टाकीत निघाले आणि पेडल पहिल्याच दिवशी घट्ट लागले. टाकी ओसंडून तेल सांडले तर ते रंग खाते, म्हणून बॉनेटच्या कडेला ओले फडके आधीच अंथरून ठेवले होते.