पाठीमागचे सरोवर

आमच्या घरी ‘गाईड’ या शब्दाचे दोन अर्थ होते आणि दोन्ही वाईट होते. एक म्हणजे परीक्षेच्या तोंडावर बाजारात मिळणारे, प्रश्नांची आयती उत्तरे छापलेले जाडजूड पुस्तक. आणि दुसरा म्हणजे किल्ल्यावर किंवा लेण्यांत आपल्या मागे लागून राजाराणीच्या कहाण्या सांगणारा माणूस. वडील शाळामास्तर होते. आयते उत्तर घेणाऱ्याची बुद्धी गंजते, असे त्यांचे ठाम मत असल्यामुळे आमच्या दप्तरात पहिला गाईड कधी आला नाही आणि सहलीत दुसरा. “डोळे दिलेत ना देवाने? मग बघा,” एवढेच मार्गदर्शन आम्हाला मिळे. वेरूळचे कैलास लेणे आम्ही असेच, कोणाचेही काही न ऐकता पाहिले आणि खरे सांगायचे तर अंगणातल्या त्या सोंड तुटलेल्या हत्तीशिवाय त्यातले मला आज काहीही आठवत नाही.

त्यामुळे २०१९ च्या डिसेंबरात धाकट्या बहिणीने औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, लोणारच्या एका दिवसाच्या सहलीत माझीही जागा राखून ठेवल्याचे कळवले तेव्हा मी आधी नाक मुरडले. सकाळी सहाला बस, वाटेत पोहे आणि चहा, सिंदखेड राजा, लोणार, जेवण, मंदिर, रात्री नऊला परत. आणि या सगळ्यात ‘स्थानिक गाईडची व्यवस्था’. बहीण म्हणाली, “ताई, तुला ऐकायचं नसेल तर कानात बोटं घाल, पण चल.”

जालना मागे पडल्यावर उजाडले. सिंदखेड राजाला लखुजी जाधवांच्या वाड्यात, जिथे जिजाऊंचा जन्म झाला त्या जागी, आम्हाला चाळीस मिनिटे मिळाली आणि त्यातली पंधरा छायाचित्रांत गेली. पुढचा रस्ता कापूस, तूर आणि हरभऱ्याच्या शेतांतून जातो. वेचणीचे दिवस होते आणि शेतांत बायका ओळीने वाकलेल्या दिसत होत्या. मी खिडकीतून सारखी पुढे पाहत होते, कारण एवढे नाव असलेली जागा जवळ आल्याची काहीतरी खूण दिसेल असे मला वाटत होते. डोंगर दहा मैलांवरून दिसतो आणि धबधबा दिसण्याआधी ऐकू येतो. लोणारचे तसे नाही. तुम्ही अगदी काठावर जाऊन उभे राहीपर्यंत बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही गावाबाहेर असावा तसाच तो माळ दिसतो.

गाईड आमची वाट पाहत उभे होते. पंचावन्नच्या आसपासचे वय, डोक्याला पांढरी टोपी, खांद्याला शबनम पिशवी आणि हातात बाभळीची काठी. त्यांनी नमस्कार केला आणि सगळ्यात आधी आम्हा अठ्ठावीस जणांना उलटे उभे केले, म्हणजे सरोवराकडे पाठ आणि शेतांकडे तोंड. “सरोवर कुठं जात नाही. आधी हे पाहा,” ते म्हणाले. पाहण्यासारखे काहीच नव्हते. सपाट शेते आणि लांबवर एक टॉवर होता, बस्स. “बसमधून उतरल्यावर इथवर येताना पायाला काय लागलं?” कोणी म्हणाले खडे, कोणी म्हणाले काटे. शेवटी एका आजीबाईंनी सांगितले, “चढ लागला हो. धाप लागली मला.” गाईडांचा चेहरा खुलला. एवढ्या सपाट मुलखात हा चढ आला कुठून, असे त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाले, “आता वळा.”

आम्ही वळलो आणि बसमध्ये पहाटेपासून न थांबलेले बोलणे थांबले.

समोर जमीन नव्हती. कंपासने काढावे इतके गोल, १.८ किलोमीटर व्यासाचे आणि सुमारे दीडशे मीटर खोल असे एक विवर होते. उतारांवर गर्द झाडी आणि तळाशी हिरवट, न हलणारे पाणी. काठाकाठाने प्रदक्षिणा घालायची म्हटली तर साडेपाच-सहा किलोमीटर चालावे लागेल. आपल्या पायांखालचा चढ म्हणजे या खड्ड्यातून उडून भोवती पडलेला माल आणि वर उचलले गेलेले दगडांचे थर होत, हे मग त्यांनी सांगितले, आणि ते सांगण्याची गरजही फारशी उरली नव्हती. विहीर खणल्यावर कडेला मुरमाचा ढीग राहतो, तसाच तो ढीग, ज्यावर आम्ही उभे होतो. वडिलांबरोबर आले असते तर मी थेट पाण्याकडे पाहिले असते, ‘वा’ म्हटले असते आणि ज्यावर उभी होते त्याच्याकडे बघितलेही नसते.

मला तिथेच जाणवले की या गृहस्थांचे काम वेरूळच्या गाईडापेक्षा कितीतरी अवघड आहे. वेरूळला दाखवायला मूर्ती आहे. इथे दाखवायचे ते म्हणजे एक न उरलेली वस्तू, आकाशातून पडलेली उल्का, आणि तिने केलेला खड्डा. आमच्यातल्या सातआठ वर्षांच्या एका मुलाने नेमके तेच विचारले. “मग ती उल्का ठेवलीय कुठे?” मोठी माणसे हसली, पण गाईड हसले नाहीत. ते खाली बसले, मुलाच्या उंचीला आले आणि म्हणाले, “तोच प्रश्न साहेब लोकांनी दीडशे वर्षं विचारला बेटा. सापडली नाही, म्हणून म्हणाले की उल्का नव्हतीच.”

हे खरे आहे. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली आणि पुढे बराच काळ हा ज्वालामुखीचा उद्योग आहे असेच बहुतेक भूवैज्ञानिक मानत राहिले. दख्खनच्या पठाराचा हा सगळा भागच लाव्हाच्या थरांनी बनलेला असताना त्यातल्या एका खड्ड्यासाठी आकाशाकडे बघायचे कशाला, हा विचार चुकीचा असला तरी वेडगळ नव्हता. तळाशी भोके पाडून काढलेल्या दगडांत मास्केलिनाइट, म्हणजे प्रचंड धक्क्याने स्फटिकाची काच झालेले खनिज, सापडले आणि १९७३ मध्ये ते प्रसिद्ध झाले, तेव्हा वाद मिटला. ज्वालामुखी उष्णता देऊ शकतो, पण असा धक्का देऊ शकत नाही. उल्का स्वतः त्या धक्क्यात वितळून आणि वाफ होऊन संपली. मुलाला हे कितपत पटले कोण जाणे. तो बराच वेळ काठीने माती उकरत होता.

गाईडांचे वडीलही येणाऱ्या-जाणाऱ्यांना विवर दाखवायचे. “बाबा आधी ज्वालामुखी सांगायचे. मग तुमचे शास्त्रज्ञ आले, तर उल्का सांगू लागले. बाबा वय पन्नास हजार वर्षं सांगायचे. दोन हजार अकरा साली नवीन मोजणी आली, आता मी पाच लाख सत्तर हजार सांगतो. सरोवराचं वय दहापटीनं वाढलं, माझे पैसे तेवढेच राहिले.” त्या मोजणीत ४७ हजार वर्षे इकडे-तिकडे धरलेली आहेत, असेही त्यांनी बजावून सांगितले. आयते उत्तर देणारी माणसे सहसा चूकभूल द्यावी-घ्यावी असे म्हणत नाहीत. माझी बोटे कानांपर्यंत गेलीच नव्हती. आता तर मी घोळक्यात पुढे सरकले.

खाली उतरायला पाऊण तास लागला. रामगया मंदिराजवळून पायवाट जाते; वाटेत शिंदी, चिंच आणि साग लागतात, वानरे माना वळवून आपली मोजदाद करतात आणि एखादा मोर अकारण ओरडतो. तळाशी गेल्यावर मात्र झाडी एकाएकी संपते, पायांखाली पांढुरकी, भेगाळलेली, खारट जमीन येते आणि वास सुरू होतो. तो वास सुखद नाही, हे पर्यटनाच्या पत्रकांत कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. कुजलेल्या शेवाळाचा आणि गंधकाचा असा तो एकत्र वास होता. आमच्यातल्या निम्म्या जणांनी नाकाला रुमाल लावले.

गाईडांनी पिशवी उघडली. हळदीची पुडी निघाली, वहीचा एक कागद निघाला. कागदावर ओली हळद फासून त्यांनी तो माझ्या बहिणीच्या हातात दिला आणि पाण्यात बुडवायला सांगितला. पिवळा कागद बघता बघता लालभडक झाला. बायकांच्या घोळक्यात एकदम हशा आणि कुजबूज उठली, कारण हे प्रत्येकीने घरी पाहिलेले होते: पदरावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, आणि पूर्वी हळदीचे कुंकू करायचे ते याच रीतीने. हे पाणी समुद्रासारखे नुसते खारट नसून साबणासारखे क्षारधर्मी आहे, त्याचा सामू, म्हणजे पीएच, दहाच्या आसपास जातो, ही गोष्ट आकड्याने सांगितली असती तर आम्ही माना डोलावून विसरलो असतो. भोवतालून झरे आणि पावसाचे पाणी आत येते, बाहेर जायला वाट नाही, आणि उन्हाने पाणी उडून क्षार तेवढे मागे राहतात. काच आणि साबण करण्याच्या कामी येणारा इथला क्षार ‘आईन-ए-अकबरी’च्या काळीही माहीत होता. लोणार या नावातच लवण आहे.

मग लोहचुंबक निघाले. काठावरच्या काळ्या वाळूवरून ते फिरवल्यावर त्याला कणांची दाढी उगवली, आणि उल्केचे लोखंड म्हणून सगळे पुढे सरसावले. आमच्यात वीज खात्यातून निवृत्त झालेले एक काका होते. ते सकाळपासून काहीतरी हरकत घेण्याच्या संधीची वाट पाहत होते. ते म्हणाले, “अहो, काळ्या दगडात मॅग्नेटाइट असतंच. आमच्या पुण्याच्या वाळूलाही चिकटेल हे.” मला वाटले, आता गाईड पेचात सापडले. पण ते शांतपणे म्हणाले, “चिकटतंच की काका. मी कुठं उल्केचं म्हणालो? पण खरं सांगा, इथं येण्याआधी तुम्ही कधी पुण्याच्या वाळूला चुंबक लावून पाहिलंय का?” काकांनी लावले नव्हते. मीही लावले नव्हते. (घरी आल्यावर शेजारच्या बांधकामावरच्या खडीच्या भुकटीत मी फ्रिजच्या दारावरचे चुंबक फिरवले. दाढी उगवली.)

कमळजा देवीचे दर्शन होते न होते तोच सहल व्यवस्थापकांची शिटी वाजली. वर चढून आल्यावर धारेवर, म्हणजे गोमुखातून अखंड पडणाऱ्या गोड्या पाण्याच्या झऱ्यावर, हातपाय धुतले. काठावर गोडे आणि तळाशी साबण, यातले अंतर पाऊण तासाचेच होते. जेवणात भाकरी, भरीत आणि ठेचा होता, त्याविषयी तक्रार नाही. दुपारी गावातल्या दैत्यसूदन मंदिरात गाईडांनी लवणासुराची कथा सांगितली. हा राक्षस जमिनीखालच्या बिळात राहायचा. विष्णूने पायाच्या अंगठ्याने बिळावरचे झाकण उडवले आणि त्याला मारले. तेच हे विवर. गाभाऱ्यात पायांखाली दैत्य घेतलेला विष्णू उभा आहे. सकाळी काचेच्या खनिजाबद्दल ज्या आवाजात सांगितले त्याच आवाजात त्यांनी हेही सांगितले, आवाज चढवला नाही आणि डोळाही मिचकावला नाही. वीज खात्याचे काका काही बोलणार होते, पण बोलले नाहीत. कथा रचणाऱ्यांनी खारट पाणी पाहिले होते आणि वरून आलेल्या एका घावाने जमिनीचे झाकण उडाले हेही ताडले होते. ज्वालामुखी म्हणणाऱ्यांपेक्षा ते उत्तराच्या जास्त जवळ होते, असे मला उगाच वाटून गेले.

निघताना मी लाल झालेला कागद मागून घेतला आणि त्याच्या मागे गाईडांचा फोन नंबर लिहून घेतला. असे नंबर आपण घेतो आणि विसरतो. मीही विसरले.

जून २०२० मध्ये टाळेबंदीत घरात बसलेली असताना बातम्यांत लोणार दिसले आणि ते गुलाबी होते. मी डायरीतला कागद शोधला, त्याचा रंग विटून तपकिरी झाला होता, पण नंबर वाचता आला. फोन त्यांनीच उचलला. तीन महिने एकही माणूस आला नव्हता. आणि आता आयुष्यात पहिल्यांदाच असा रंग पाहिला तर दाखवायला कोणी नाही, असे ते म्हणाले. “पाणी आपणच लाल झालंय ताई, हळद वाचली. तुमच्या पुण्याला नमुना पाठवलाय म्हणे. काही कळलं तर सांगा, पाठ करून ठेवतो. लोक विचारतील.”

उत्तर जुलैत आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते सांगितले: पाणी आटून क्षार वाढले की हॅलोआर्किया नावाचे खारप्रिय सूक्ष्मजीव माजतात आणि त्यांच्या अंगचा रंग पाण्याला येतो. मी फोन करून त्यांना हे सावकाश सांगितले. ‘हॅलोआर्किया’ त्यांनी तीनदा म्हणवून घेतले, बहुधा लिहून घेत असावेत. वडिलांनी ऐकले असते तर आयते उत्तर पुरवल्याबद्दल मला ओरडले असते, असे मनात आले, तेवढ्यात पलीकडून प्रश्न आला, “पण रंग पाण्याचा नाही, जीवांचा आहे, हे कशावरून म्हणतात ते?” मी वाचलेले सांगितले, की नमुना काही वेळ स्थिर ठेवल्यावर ते जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले.

ते क्षणभर थांबले. “मग एक बाटली लागेल,” ते म्हणाले. “काचेची. पिशवीत ठेवतो.”