कोणतं आधी, कोणतं नंतर?

पेशीविभाजन शिकवणं तसं सोपं. फळ्यावर चार गोल काढायचे, त्यात गुणसूत्रांच्या काड्या चार तऱ्हांनी मांडायच्या आणि खाली पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था अशी नावं लिहायची. मुलं ते वहीत उतरवतात, परीक्षेत तेच गोल परत काढतात आणि कोणाचीच काही तक्रार नसते. दहावीच्या त्या वर्गाला मी प्रयोगशाळेत नेलं, ते हेच चार गोल खऱ्या मुळात दाखवायला.

तयारी काही दिवस आधीपासून सुरू होते. पाण्याने भरलेल्या बरणीच्या तोंडावर कांदा बसवायचा, बूड पाण्याला जेमतेम टेकेल असा. पांढरी मुळं दोन-तीन सेंटिमीटर वाढली की त्यांची टोकं कापून एक भाग अ‍ॅसेटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोलच्या मिश्रणात दिवसभर ठेवायची. मुलांनी खालच्या वर्गात कांद्याचा पापुद्रा पाहिलेला असतो, विटांसारख्या पेशींचा. त्यामुळे ‘परत कांदाच?’ असा सूर लागतोच. पण पापुद्र्यातल्या पेशींची वाढ होऊन गेलेली असते, त्या विभागत नाहीत. विभाजन बघायचं तर मुळाच्या टोकाचे एक-दोन मिलिमीटरच कामाचे. विभाजी ऊती, म्हणजे सतत विभागत राहणाऱ्या पेशींचा समूह, तिथे असते.

मिश्रणाची बाटली हातात धरून मी सांगत होते, की यात टाकल्यावर पेशी ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत थांबते. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “थांबते म्हणजे मरते ना, मॅडम?”

मरते, म्हटलं.

तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि विषय तिथेच राहिला. आम्ही कामाला लागलो. अ‍ॅसिटोकार्मिन या लाल रंगात थेंबभर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात टोकं, आणि स्पिरिटच्या दिव्यावर नुसती ऊब द्यायची. उकळलं की संपलं. गडद लाल झालेलं टोक ठेवून बाकीचं मूळ कापून टाकायचं. वर कव्हरस्लिप, त्यावर टिपकागद, आणि अंगठ्याने सरळ खाली दाब. अंगठा जरा जरी बाजूला सरकला तरी पेशी एकमेकींवर गुंडाळल्या जातात, आणि मुलांचे अंगठे हमखास सरकतात. तरी तीन-चार काचपट्ट्या झकास जमल्या. पंचेचाळीसच्या भिंगाखाली गुणसूत्रं दिसली तेव्हा वर्गात जो गलका झाला तो मी मुद्दाम थांबवला नाही.

कांद्याच्या मुळातल्या पेशीत १६ गुणसूत्रं असतात. ती नीट मोजता येणं कठीण, पण दोघांनी चिकाटीने प्रयत्न केला. बाकीचे वहीतल्या चित्रांशी जुळणाऱ्या पेशी शोधत होते. आणि मघाची ती मुलगी सूक्ष्मदर्शकावरून मान वर करून म्हणाली, “या सगळ्या मेलेल्या आहेत. एकही हलत नाहीये. मग आधी कोणतं आणि नंतर कोणतं, हे कळलं कसं?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. पुस्तकात चित्रांना क्रम असतो, काचपट्टीवर तो नसतो. तिथे सगळ्या अवस्था शेजारी शेजारी, विखुरलेल्या. मी उत्तर दिलं नाही. दिसलेल्या पेशींची चित्रं वेगवेगळ्या कागदांवर काढायला लावली, कागद टेबलावर पसरले आणि म्हटलं, पुस्तक विसरा, लावा क्रम.

एका मुलाने मुद्दाम उलटा क्रम लावला. दोन पेशी जवळ येतात, त्यांची गुणसूत्रं मधोमध गोळा होतात आणि शेवटी एकच पेशी उरते. “हे चूक आहे हे सिद्ध करा,” असं त्याने वर्गाला सांगितलं. तो अशाच खोड्या काढतो, पण या वेळची खोडी मोलाची होती. पहिली पाच मिनिटं कोणालाच काही सुचेना.

मग एकजण म्हणाला, तसं असतं तर पेशी कमी होत गेल्या असत्या. मूळ तर वाढतंय. हा मुद्दा भक्कम होता. दुसरा मुद्दा त्या मुलीनेच चित्रात बोट ठेवून काढला. पश्चावस्थेत गुणसूत्रं इंग्रजी व्हीसारखी वाकलेली दिसतात. टोक ध्रुवाकडे, म्हणजे पेशीच्या एका कडेकडे, दोन्ही बाहू मागे, पेशीच्या मध्याकडे. कोणीतरी टोकाला धरून ओढतंय, म्हणून बाहू मागे फरफटताहेत, असं ती म्हणाली. पेशीतले तंतू गुणसूत्राला गुणसूत्रबिंदूपाशी, म्हणजे त्या व्हीच्या टोकाशी, धरतात, हे मी अजून शिकवलेलंही नव्हतं.

तेव्हा मी वाल्टर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव काढलं. त्याने सॅलॅमँडर या उभयचर प्राण्याच्या अळ्यांमधल्या पेशी रंगवून पाहिल्याच, शिवाय जिवंत पेशींचं विभाजन होतानाही पाहिलं आणि दोन्ही ताडून क्रम लावला. १८८२ मध्ये ते सगळं त्याच्या पुस्तकात आलं. उलटा क्रम लावणाऱ्याचं यावर म्हणणं असं, की जिवंत पेशी बघायला मिळाली तर वाद घालण्यात मजाच काय.

तास संपायला थोडा वेळ होता. मी एकेका गटाला शंभर पेशी मोजायला लावल्या, कोणती कोणत्या अवस्थेत ते लिहून. विभाजन चालू असलेल्या पेशी फारच कमी निघाल्या, बहुतेक नुसत्या गोल केंद्रकाच्या. मुलं हिरमुसली. मी विचारलं, मधल्या सुट्टीत मैदानाचा एकच फोटो काढला तर नळावर किती मुलं दिसतील? चार-पाच. कारण पाणी पिण्यात वेळच थोडा जातो. तसंच इथे, जी अवस्था कमी सापडते ती कमी वेळ टिकते. मेलेल्या पेशींवरून घड्याळ लावता येतं म्हणायचं. आणि त्या ‘काहीच न करणाऱ्या’ पेशी रिकाम्या बसलेल्या नसतात. डीएनए दुप्पट होतो तो याच, दोन विभाजनांमधल्या इंटरफेजच्या काळात. १९५३ साली हॉवर्ड आणि पेल्क या शास्त्रज्ञांनी किरणोत्सारी फॉस्फरस वापरून हे दाखवलं, तेही बाकला या शेंगांच्या झाडाच्या मुळांत.

दोन गटांनी एकच काचपट्टी मोजली होती आणि त्यांचे आकडे जुळेनात. भांडण लागलं. पाहिलं तर मतभेद मोजक्याच पेशींवर होता: गुणसूत्रं आखडलेली, मध्याकडे निघालेली, पण रांगेत न आलेली. एका गटाने त्यांना पूर्वावस्था म्हटलं, दुसऱ्याने मध्यावस्था. या टप्प्याला अनेक पुस्तकं वेगळं नाव देतात आणि चाराच्या पाच अवस्था करतात. मी दोन्ही आकडे फळ्यावर तसेच ठेवले आणि दोन्ही गटांना सांगितलं, की पेशी कोणत्या अवस्थेत धरायची याचा तुमचा नियम आकड्याशेजारी लिहा.