मोटरची ट्रॉली: खारा वारा, खारघरचा उतार आणि माझी बॅग

गणपती आटोपल्यावर

गोल्फची बॅग ओढणारी मोटरची ट्रॉली घ्यायची आहे. तिचं घोडं अजून गंगेत न्हायलेलं नाही, पण निदान घाटाच्या पायऱ्या दिसायला लागल्यात.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. मी अलिबागचा. खेळतो मुख्यतः खारघरला, सिडकोच्या व्हॅली गोल्फ कोर्सवर. उजाडायच्या आत निघायचं, पेणमार्गे पनवेल, तिथे दोघे मित्र गाडीत चढतात. बग्गीत बसून खेळणं मला जमत नाही. चालायचंच नसेल तर घरी कॅरम आहे. पण आता खांदा कुरकुरतो, आणि साधी पुश कार्ट (बॅगेची हातगाडी) चढावर ढकलून वर पोचलो की धाप लागलेली असताना पट (बॉल भोकात ढकलायचा हलका फटका) मारावा लागतो. म्हणून मोटर.

बाजारात शिरण्याआधी बॅगेचं वजन केलं. प्रवासाच्या बॅगांना अडकवतात तो डिजिटल काटा घेतला, पडवीत वाशाला बांधला आणि बॅग टांगली. १३.८ किलो! मग ओटीवर सगळी उलटी केली. क्लब (बॉल मारायच्या काठ्या) १४ म्हणजे १४च, गोल्फचा नियम ४.१ त्यापुढे जाऊ देत नाही. बाकीचा पसारा बघण्यासारखा होता. बुरशी धरलेले तीन ग्लोव्ह, कोकम आगळाची अर्धी बाटली, दोन छत्र्या, एक विळी लागल्यासारखी फाटलेली रेनकोटची पँट आणि २३ बॉल. नियमाप्रमाणे बॉल ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड असत नाही, पण २३ झाले की किलोभर होतातच. सहा बॉल ठेवले, एक छत्री ठेवली, आगळ स्वयंपाकघरात परत गेला. बॅग ११.२ वर आली. मोटरवर पैसे घालण्याआधी हे फुकटचं काम प्रत्येकाने करावं, कारण पुढची सगळी गणितं ह्याच आकड्यावर उभी राहतात.

आश्विन, पाऊस जाता जाता

प्रकार मुळात तीन. हँडलवरच्या बटणाने वेग ठरवायचा आणि हात लावून चालवायची ती साधी इलेक्ट्रिक ट्रॉली. पॉवाकॅडीने १९८३ साली इंग्लंडात सुरुवात केली ती ह्याच जातीपासून, आणि मोटोकॅडीचा मोठा पसाराही इथेच आहे. दुसरी रिमोटची. तिच्यातच पुढची पायरी म्हणजे खिशातल्या रिमोटचा माग काढत आपल्यामागून येणारी, स्टुअर्ट गोल्फसारखी. तिसरा प्रकार म्हणजे असलेल्या पुश कार्टला मागे मोटरची दोन चाकं जोडायची, अल्फार्डचं क्लब बूस्टर करतं तसं.

पहिल्यापासून मनात रिमोटवालीच होती. खोटं कशाला बोलू, दोन्ही हात मोकळे सोडून फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) मधून चालायचं आणि बॅग आपली आपण येतेय, ह्याचं आकर्षण कोणाला नसतं? पनवेलच्या मित्राने एका ओळखीच्याकडून एक फेरीपुरती मागून आणली. सपाटीवर झकास. टीवरून (सुरुवातीच्या जागेवरून) शॉट मारला, बटण दाबलं, निघाली. पण आडव्या उतारावर तिचं नाक हळूहळू खालच्या बाजूला वळायला लागलं. मी डावीकडे दाबतोय, ती ऐकते, दहा पावलं सरळ जाते आणि पुन्हा नांगर सुटलेल्या होडीसारखी खाली सरकते. कारण साधं आहे. रिमोटच्या ट्रॉलीला दोन मागच्या चाकांना दोन स्वतंत्र मोटरी असतात आणि दोघींच्या वेगातल्या फरकाने ती वळते. आडव्या उतारावर खालच्या चाकावर जास्त भार येतो, पुढचं चाक मोकळं फिरत असतं, मग नाक खाली जाणारच. एमजीआयसारख्या काही कंपन्या त्यासाठी जायरोस्कोप बसवतात आणि तो वाकडेपणा आपोआप सुधारतो. मागून आणलेल्या ट्रॉलीत तो नव्हता. रिमोटच घ्यायची असेल तर जायरो नसलेली घेऊ नका, निदान डोंगराच्या कुशीतल्या मैदानासाठी तरी नको.

नियमाचाही एक मुद्दा आहे. ट्रॉली हे आपलं साहित्य. ती आपल्या स्थिर बॉलवर गेली आणि बॉल हलला तर नियम ९.४ खाली एक फटका दंड, आणि बॉल जागेवर परत. ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक गवतावर) किंवा बॉल शोधताना चुकून झालं तर माफ. रफमध्ये (वाढलेल्या गवतात) पंचवीस मीटर लांबून रिमोटने ट्रॉली आणताना बॉल गवतात कुठे आहे ते दिसत नाही, हे ध्यानात ठेवा. ट्रॉलीवरच्या जीपीएसचं मात्र सोपं आहे. २०१९ पासून अंतर बघायला हरकत नाही, चढ-उताराचा हिशेब देणारी सोय बंद ठेवायची. आणि मोटरला बंदी असणाऱ्या स्थानिक नियमाची कोणी भीती घातली, तर तो नियम, जी-६, नीट वाचा. तो मोटरच्या वाहनात बसून जाण्याबद्दल आहे, मोटरने बॅग ओढण्याबद्दल नाही. पावसात मैदान भिजलेलं असताना चाकं फेअरवेवर आणू नका असं मैदानवाल्यांनी सांगितलं तर ती वेगळी गोष्ट, आणि ते ऐकायचंच.

बॅटरीचा हिशेब

विक्रेते बॅटरी '१८ होलची' (एक फेरी) आणि '३६ होलची' (दोन) अशी विकतात. कुणाचे १८ होल? इंग्लंडातल्या सपाट मैदानाचे की आपले? म्हणून कागद घेऊन बसलो.

बॅग, ट्रॉली, बॅटरी, पाणी मिळून २५ किलो धरले. १८ होलचं चालणं ९ किलोमीटर. कापलेल्या कोरड्या गवतावर चाकाचा विरोध वजनाचा दहावा हिस्सा धरला. म्हणजे साधारण २४.५ न्यूटन ओढ, गुणिले ९००० मीटर, म्हणजे २२० किलोज्यूल, म्हणजेच ६१ वॉट-अवर. फेरीत एकूण १०० मीटर चढ धरला तर त्याचे जेमतेम ७ वॉट-अवर. ह्याने मी चाट पडलो. चढ आपल्याला छातीत जाणवतो, पण बॅटरी खातं ते गवत! मोटर आणि गिअरमध्ये निम्मं वाया जातं असं धरून कोरड्यात १३५ ते १४०. तेच ओल्या, वाढलेल्या गवतावर विरोध दीडपट केला की आकडा २०० ला टेकतो. वर थोडी शिल्लक हवी, बॅटरी म्हातारी झाल्यावरचीही सोय हवी. तेव्हा २५० वॉट-अवरच्या खाली मी बघणार नाही.

आणि नुसत्या ॲम्पिअर-अवरवर भुलू नका, व्होल्टने गुणा. १२ व्होल्टची १८ ॲम्पिअर-अवर म्हणजे २१६ वॉट-अवर, २४ व्होल्टची १० म्हणजे २४०. छोटा आकडा दिसतो तीच बॅटरी मोठी. जुन्या लेड-ॲसिडचा विषय मी सोडून दिला. १० किलोच्या आसपास वजन, पूर्ण उतरवली की आयुष्य घटतं, आणि आपण आत्ताच तर आगळाची बाटली काढून वजन वाचवलंय.

लिथियमचा एक तोटा: १६० वॉट-अवरच्या वरची बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही, १०० ते १६० मधलीला विमान कंपनीची परवानगी लागते. म्हणजे गोव्याला खेळायला जायचं तर मुंबई-गोवा हायवेचे खड्डे मोजत. परदेशातून मागवतानाही हीच बॅटरी नडते, ती धोकादायक माल म्हणूनच येते आणि कुरिअरवाले हात वर करतात. ट्रॉली बाहेरून आणि बॅटरी इथे बांधून घ्यायची, असा विचार त्यामुळेच सुरू झाला. त्यासाठी जोडणीचा प्लग इथे मिळणारा हवा. अँडरसन प्लग इन्व्हर्टरवाल्याकडे, ई-रिक्षावाल्याकडे मिळतो. कंपनीचा खास साचा असेल तर तो तुटल्यावर तुम्ही आणि तुमचं नशीब.

कार्तिक: उतार आणि गंज

खरं सांगायचं तर रिमोट, जीपीएस, यूएसबीचं भोक हे सगळं आता यादीच्या तळाला गेलंय. वर आलेत दोनच प्रश्न. उतारावर थांबते का? आणि खाऱ्या हवेत टिकते का?

उताराचा हिशेब करून बघा. मोबाइलमधलं कोन मोजायचं ॲप उताराच्या दिशेने जमिनीवर ठेवलं. मला नेहमी त्रास देणारा एक उतार १० अंशांचा निघाला. २५ किलोची ट्रॉली तिथे सव्वाचार किलोच्या जोराने खाली ओढते. हात धरून चालवताना हे झेपतं, पण उतारभर मागे रेटत उतरायचं तर चढावर वाचवलेला दम इथे जातो. स्वस्त मॉडेलात चाकात क्लच असतो, ढकलायला सोपी जावी म्हणून चाक मोकळं फिरतं, आणि उतारावर मोटर काहीच धरून ठेवत नाही. उतार-नियंत्रण असलेल्या मॉडेलात मोटर उलट जनरेटरसारखी वागून चाकाला अडवते, वेग ठरवला तेवढाच राहतो. हे नसलेली ट्रॉली मी फुकट दिली तरी घेणार नाही.

क्लब बूस्टरचा मोह इथेच कमी झाला. माझी पुश कार्ट चांगली आहे, किट स्वस्तात पडतं, जागा कमी खातं. पण ओढायचं आणि अडवायचं सगळं काम त्या जोडलेल्या दोन चाकांवर. कोरड्यात ठीक. ओल्या उतारावर ती घसरली की मागे उरलं काय? कोणी पावसाळ्यात वापरलं असेल तर जरूर सांगा, माझं मत बदलायला मी तयार आहे.

आता गंज. हा विषय परदेशी परीक्षणांत सापडत नाही, आणि आपल्याकडे तोच मुख्य. अलिबागला घर समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर. खिडकीच्या बिजागऱ्या इथे दोन वर्षांत बोलायला लागतात. ट्रॉलीची चौकट ॲल्युमिनियमची, ती गंजत नाही म्हणून विक्रेता मिरवतो. पण तिच्यात स्टीलचे बोल्ट असतात. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि वर खारट ओल, की ॲल्युमिनियम आधी जातं. बोल्टाभोवती पांढरी भुकटी दिसली की समजायचं.

जेट्टीवर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांना मित्राच्या ट्रॉलीचं काढता येणारं चाक दाखवलं. त्यांनी आस बोटाने पुसला, बोट नाकाशी नेलं आणि म्हणाले, "ह्याला साधा ग्रीस लावलास? पाणी लागला की धुऊन जातला. आमचा बोटीचा लाव." मग त्यांनीच निळं मरीन ग्रीस चिमूटभर घेऊन आसावर असं चोळलं की नुसतं तेलकट दिसावं, थर दिसू नये. जास्त लावलं तर लाल माती चिकटते आणि तीच पॉलिशपेपरचं काम करते, हे त्यांचं. प्रत्येक बोल्ट एकदा काढायचा, आट्यांना ग्रीस लावून परत घट्ट करायचा. प्लगच्या पिनांना मात्र हे नाही, त्यांना विजेच्या जोडणीचं सिलिकॉन ग्रीस.

पाण्याचं रेटिंगही नीट वाचा. आयपीएक्स४ म्हणजे चहूकडून उडणारं पाणी सोसेल. आयपीएक्स५ म्हणजे नळीची धार. फेरीनंतर चाकांतली जांभ्याची लाल माती धुवायला पाइप लावायची सवय असलेल्यांनी हे आधी बघावं. मी ओलं फडकंच वापरणार.

ट्रॉली समुद्रावर ओहोटीला चालवून बघू का, असं एकाने विचारलं. नको रे बाबा.

कॅडीचा प्रश्न

हा टाळून चालणार नाही. आपल्याकडे बॅग उचलणारा माणूस असतो, आणि ट्रॉली घेणं म्हणजे त्याच्या हातातलं काम घेणं. माझ्यासोबत बहुतेक वेळा असतो त्या कॅडीला मी सरळच विचारलं. तो हसला. "साहेब, गाडी बॅग ओढील. लाइन कोण सांगणार? आणि रफात गेलेला बॉल काय रिमोटने शोधणार?" बरोबरच आहे. शिवाय त्याची पाठ माझ्या खांद्यापेक्षा वाईट आहे, हे त्याने दुसऱ्या वाक्यात सांगितलं. ठरलं असं की ट्रॉली आली तरी तो सोबत येणार, पैसे तेच, ट्रॉली चालवणारही तोच. नियमाला त्याची काही अडचण नाही. ज्यांना ट्रॉली घेऊन कॅडीचे पैसे 'वाचवायचे' आहेत त्यांच्याशी माझं पटणार नाही, आणि तसे मैदानावर आहेत.

सध्या कुठवर आलंय

यादीत हँडलवरून चालणारी, उतार-नियंत्रण असलेली, २४ किंवा २८ व्होल्टची ट्रॉली उरली आहे. मागच्या चाकांना ओल्या गवतासाठी काटेरी पट्टे घालता येतील अशी. दुमडल्यावर माझ्या हॅचबॅकच्या डिकीत बॅगेशेजारी मावते का, ते पुठ्ठ्याचा खोका त्या मापाचा करून बघितलं. मावते, पण पनवेलच्या दोघांपैकी एकाची बॅग मागच्या सीटवर जाणार. त्याला अजून सांगितलेलं नाही.

एका विक्रेत्याशी बोलणी जवळपास पक्की झाली होती. वॉरंटीचा कागद मागवला तर त्यात 'समुद्रालगतच्या वापरामुळे झालेली झीज' वगळलेली. मी म्हटलं, मग कोकणात विकता कशाला? उत्तर आलं नाही. दुसऱ्या दोघांना तीन प्रश्न लेखी पाठवलेत: खाऱ्या हवेतली झीज वॉरंटीत आहे का, मोटर आणि कंट्रोलर सुटे मिळतात का आणि किती दिवसांत, आणि बॅटरी मी इथे बांधलेली वापरली तर वॉरंटी राहते का. उत्तरं आली की इथे टाकतो.

तोवर एक मदत हवी आहे. कोणाकडे २८ व्होल्टची ट्रॉली असेल तर बॅटरीच्या खाचेचं आतलं माप, लांबी, रुंदी, उंची मिलिमीटरमध्ये कळवा. पेणला बॅटरी बांधणारा एकजण तयार आहे, पण डबा किती मोठा करू हे तो मला विचारतोय.